वखारीच्या बागेतली सावली

मी जन्मभर ज्युनियर कॉलेजात बॉटनी शिकवली. वर्गात कुणी चिंचेवरच्या हडळीचा विषय काढला, की मी त्याला चिंचेचं शास्त्रीय नाव पाठ करायला लावायचे, म्हणजे हडळ आणि तो दोघेही गप्प बसायचे. नवस, उतारा, अंगात येणं यातलं काहीही आमच्या घरात नव्हतं. अशा अनुभवांचं हे सदर माझी सून आवडीने वाचते आणि मी तिची चेष्टा करते. तिनेच शेवटी म्हटलं, "आई, मग आजोबांच्या झाडाचं काय?" म्हणून हे लिहायला बसले...

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मधली, पालघरची. जिल्हा वगैरे व्हायला अजून खूप अवकाश होता. माझे यजमान बोईसरच्या एका कारखान्यात शिफ्टला जायचे, माझं कॉलेज सकाळचं. केळवे-माहीमला जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला गावाची एक मोकळी जागा होती, तिथे पंचायतीने बाग केली होती. बाग म्हणजे काय – काटेरी तारेचं कुंपण, एक गंजलेली घसरगुंडी, देणगीदारांची नावं कोरलेली सिमेंटची बाकं आणि आत चरणाऱ्या शेळ्या. मग गावात बाग समिती झाली. अध्यक्ष भास्करराव, तांदळाच्या गिरणीचे मालक. आवाज मोठा, मन त्याहून मोठं, पण घाई फार. ते थेट आमच्या घरी आले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही झाडांचं शिकवता ना? मग ही बाग तुम्ही हातात घ्या. पोरांना खेळायला धड जागा नाही गावात."

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर घरातून बाहेर पडायला मला निमित्त हवं होतं.

त्याच वर्षी मी बाबांना केळव्याहून माझ्याकडे आणलं होतं. बाबा जंगलखात्यात होते. मनोर, कासा, जव्हार – सगळी नोकरी रानात. निवृत्तीनंतर काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. आई आधीच गेली होती. आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. रागवायचे नाहीत, तक्रार करायचे नाहीत. फक्त एक एक गोष्ट सोडत चालले होते. आधी रेडिओ सोडला, मग दाढी, मग रात्रीचं जेवण. मी ताट पुढे केलं की म्हणायचे, "ठेव, खातो." आणि ताट तसंच राहायचं. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही. मला मात्र कळत होतं की ते निघायची तयारी करताहेत.

बागेत मी आणि सोमा माळी कामाला लागलो. सोमा मासवणचा, आपल्या बायकोबरोबर बागेच्या कोपऱ्यातल्या खोपटात राहायचा. आम्ही कुंपण नीट केलं, विहीर उपसली, कडेने झाडं लावली – बहावा, करंज, बकुळ, सगळी कमरेएवढी रोपं. मधला मोठा चौक हिरवळीसाठी मोकळा ठेवला. पावसाळ्यात हरळी लावली आणि दिवाळीपर्यंत चौक हिरवागार झाला...

फक्त मधोमध एक जागा सोडून. एखादं मोठं झाड सावली धरेल एवढा तो भाग. तिथे हरळी मरत नव्हती, पण वाढतही नव्हती. पिवळट, लांबट, विरळ. झाडाखाली हरळी जशी होते ना, अगदी तशी. मी माती बदलली, खत घातलं, पाणी वाढवलं, कमी केलं. काही फरक नाही. मग त्या जागेत ऑफिस टाइमची रोपं लावली. ही फुलं ऊन चढलं की उमलतात, म्हणून तर नाव ऑफिस टाइम. बाहेरच्या कडेची फुलं वेळेवर उमलायची. आतली मिटलेलीच. वर स्वच्छ आभाळ, ऊन रणरणतंय, आणि फुलं मिटलेली!

सोमा म्हणायचा, "इथली फुलं आळशी हायत, बाई."

मी हसले आणि विषय सोडून दिला. शास्त्र शिकवणारी माणसंही अडचणीचे विषय असेच सोडून देतात.

चैत्रात ऊन तापायला लागलं. यजमानांची दुपारची शिफ्ट असली की बाबांना घरी एकटं ठेववेना. एके दिवशी मी जवळजवळ हट्टानेच त्यांना रिक्षात घातलं आणि बागेत आणलं. विहिरीच्या भिंतीची जेमतेम हातभर सावली पडली होती, तिथल्या बाकावर बसवलं आणि पाणी द्यायचं काम बघायला गेले. वळून बघते तर बाक रिकामं.

बाबा काठी टेकत चौकाच्या मधोमध चालले होते. एकटे, सरळ, अजिबात न चाचपडता. मी धावले. मी पोचेपर्यंत ते थांबले होते. टोपी काढली, मान वर केली आणि आंधळे डोळे मिटून घेतले. मग हळूच खाली बसले.

"किती छान झाड आहे गं," ते म्हणाले. "आणि मला त्या तापलेल्या बाकावर बसवलंस होय!"

मी आजूबाजूला पाहिलं. सगळा चौक उन्हाने पांढरा झाला होता. माझी चप्पल पोळत होती. मनात आलं, डोळ्यांपाठोपाठ आता डोकंही गेलं यांचं. पण कित्येक महिन्यांनी ते आपणहून काहीतरी बोलले होते. मी म्हटलं, "हो बाबा. राहिलं खरं सांगायचं."

मी शेजारी बसले. ऊन सोसवेना म्हणून पिशवीतली छत्री काढून उघडली. तो आवाज ऐकून त्यांनी मान वळवली.

"झाडाखाली छत्री कशाला उघडतेस?"

मी छत्री मिटली. घाम कानामागून पाठीवर ओघळत होता. बाबांच्या कपाळावर एक थेंब नव्हता. लू लागेल या काळजीने मी त्यांच्या टकलावर हात ठेवला. ते गार होतं... नुकताच ओल्या पंच्याने पुसलेला माठ असतो तसं. मी हात काढला आणि पुन्हा ठेवला. गारच.

त्या दुपारचं मला पुढचं नीट आठवत नाही. म्हणजे आठवतं, पण स्वप्न आठवावं तसं. लांब कुठेतरी मालगाडी चालली होती. विहिरीवर सोमाची बायको भांडी घासत होती, त्याचा आवाज पाण्याखालून यावा तसा येत होता. बाबा मान किंचित तिरकी करून ऐकत होते आणि मधूनमधून मला सांगत होते – पान लहान असावं, पिंपळासारखं वाजत नाही. वर कुठेतरी मोहर आहे, मधमाश्या आहेत. आता वारा पडला बघ. आता पुन्हा सुटला... मी कान देऊन ऐकत होते. मला फक्त ऊन ऐकू येत होतं, असं म्हटलं तर चालेल का? दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

त्या दिवसापासून ते रोज दुपारी तयार होऊन बसायला लागले. स्वतः दाढी करायचे, आरशाशिवाय. त्यांना आरसा लागायचं कारणच नव्हतं म्हणा.

तिथे बसणारे ते एकटेच नाहीत, हे मला मग कळलं. बाजारात मासळी विकून केळव्याच्या बाजूला परतणारी हिराबाई कोळीण रोज एस्टीची वाट बघत तिथेच टेकायची. मोकळी पाटी शेजारी ठेवून, पाय पसरून, पान खात. आधी मी तिला पाहिलं होतं, पण ध्यानात घेतलं नव्हतं. एकदा तिला बाजूला घेऊन विचारलं, "हिराबाई, एवढ्या उन्हात मधोमध का बसता हो?"

"ऊन कुठं हाय? गार लागतं म्हनून बसते."

"पण इथे झाड नाही."

"झाड नाय ते मला बी दिसतं, बाई," ती चुना लावता लावता म्हणाली. "मला डोलं हायत. पन गार लागतं. मंग आमी काय झाड नाय म्हनून उन्हात जाऊन बसू?"

मी सोमाला तिथे बसवून पाहिलं. त्याला काहीच वाटलं नाही, वर त्याने मलाच विचारलं, "उन्हाचा तरास झाला काय बाई?" गावातली कुत्री मात्र दुपारी तिथेच येऊन झोपायची आणि ऊन कलेल तशी हळूहळू सरकायची, झाडाच्या सावलीबरोबर सरकतात तशी. आणि मी? मी तर रोज बसत होते. मला एकदाही, अगदी एकदाही गार लागलं नाही. बाग मी केली, आणि सावली बाकीच्यांना!

बाबांना आता एकच ध्यास लागला – हे झाड कुठलं? मला विचारायचे, "तू बॉटनीची ना? सांग." मी म्हणायचे, "तुम्हीच ओळखा, जंगल तुमचं." मग ते म्हणाले, "बुंध्याला हात लावला की लगेच सांगतो. ने मला."

आज मुंगळे लागलेत, आज सोमाने औषध मारलंय, असं करत मी दिवस ढकलले. कारण मला स्पष्ट दिसत होतं – ते हात पुढे करणार, हाताला काही लागणार नाही, आणि तिथल्या तिथे त्यांना सगळं कळणार. मग ते पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडणार आणि या वेळी उठणार नाहीत.

शेवटी त्यांनी माझी वाटच पाहिली नाही. मी नळी गुंडाळत होते, ते उठले. डावा हात पुढे करून, बोटं पसरून हळूहळू चालायला लागले. मी नळी तिथेच टाकली.

चार पावलांवर ते थांबले. हात हवेत थांबला... नाही, थांबला नाही, टेकला. तळवा सपाट झाला. बोटांची टोकं पांढरी पडली, भिंतीवर जोर देऊन टेकल्यावर पडतात तशी. त्यांनी काठी काखेत धरली आणि दुसरा हातही टेकवला. मग दोन्ही हात हळूहळू वरून खाली फिरवले, गोलाकार, गाईच्या पाठीवरून फिरवावेत तसे. अंगठ्याच्या नखाने काहीतरी खरवडलं आणि नख नाकाशी नेलं.

मी पुढे झाले. त्यांच्या हाताशेजारी माझा हात नेला. माझा हात सरळ पुढे गेला. तिथे काहीही नव्हतं. दुपारची तापलेली हवा, बस. आणि वीतभर अंतरावर बाबांचे तळवे हवेला टेकलेले.

"साल गुळगुळीत आहे," ते पुटपुटले. "शिवण म्हणावी, तर वास तसा नाही. कळंबही नाही." आणि मग एकदम हसले. मी लहान असताना ते रानातून घरी आल्यावर हसायचे ना, तसे. "एवढी नोकरी रानात गेली, पण हे झाड मी पाहिलेलं नाही गं!"

त्या रात्री त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि वर मागून भात घेतला. मी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून रडले. भीतीने की आनंदाने, ते आजही सांगता येणार नाही.

असा एक उन्हाळा गेला, पावसाळा गेला, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी भास्करराव ठेकेदाराला घेऊन आले. बागेला कारंजं हवं, मधोमध हंस, हंसाच्या चोचीतून पाणी. हिरवळ जिथे नीट येत नाही तीच जागा त्यांना बरोबर वाटली. आणि बाग सांभाळणारी म्हणून विचारलं असतं, तर मीही तीच जागा दाखवली असती! ठेकेदाराच्या माणसांनी चुन्याची फक्की टाकून गोल आखला. दुपारची वेळ. बाबा त्या गोलाच्या आतच बसलेले.

मी कारणं सांगायला लागले – विहिरीला पाणी कमी, पोरं पडतील, डास होतील. भास्कररावांनी सगळी कारणं हाताने उडवून लावली. रुमालाने मान पुसत ते बाबांजवळ गेले आणि म्हणाले, "काय हो काका, एवढ्या उन्हात काय बसलात? या, तिकडे बाजूला व्हा. लू लागेल."

बाबांनी आवाजाच्या दिशेने मान वर केली. "ऊन? भास्करराव, झाडाखाली उभे आहात की तुम्ही."

ठेकेदार हसायच्या बेतात होता. भास्कररावांनी वर आभाळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी त्यांच्याकडेच बघत होते. त्यांनी बाबांच्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि मग वाकून त्यांचा हात हातात घेतला, उठायला मदत करावी म्हणून असेल. तो हात त्यांनी बराच वेळ सोडला नाही.

"हो की," ते शेवटी म्हणाले. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना पुन्हा कधी ऐकलं नाही. "लक्षातच आलं नाही माझ्या. बसा, काका, बसा तुम्ही."

आणि ठेकेदारावर ओरडले, "बघतोस काय? कारंजं फाटकाशी घे. आल्या आल्या दिसलं पाहिजे लोकांना!"

फाटकापर्यंत मी त्यांच्याबरोबर चालत गेले. वाटेत ते म्हणाले, "मॅडम, हात गार होता हो त्यांचा. बर्फासारखा नाही... सावलीत बसलेल्या माणसाचा असतो तसा."

मी त्यांना फक्त एवढंच विचारलं, की पूर्वी तिथे एखादं मोठं झाड होतं का? तोडलं होतं का कुणी? मला मनातून वाटत होतं, तसं काही निघालं तर निदान गोष्टीला आकार येईल.

"छे! मी पोर असल्यापासून बघतोय," ते म्हणाले. "इथे आमच्या चुलत्यांची गवताची वखार होती. गवत वाळवायचं, गठ्ठे बांधायचे आणि वॅगनीत भरून मुंबईच्या तबेल्यांना पाठवायचे. गवताला ऊन लागतं. झाड उगवलं असतं तरी ठेवलं नसतं. त्याआधी तर नुसतं माळरान होतं."

म्हणजे तोही धागा तिथेच तुटला.

त्यानंतर बाग चांगली नावारूपाला आली. संध्याकाळी पोरांचा गलका, झोपाळ्यांसमोर रांग, फाटकाशी हंस. बोईसरकडचे, तारापूर कॉलनीतले लोक पालघरला कामाला आले की मुलांना घेऊन येऊन बसायचे. बाबा पोरांना झाडं ओळखायला शिकवायचे – पान चुरगाळून वास घ्यायचा, डोळे मिटून. त्यांच्याभोवती घोळका असायचा. मी लांबून बघायचे. भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस हाच का, असं वाटायचं.

अशी काही वर्षं गेली. मग एका मार्गशीर्षात, हवा स्वच्छ आणि कोवळी असताना, आम्ही नेहमीसारखे चौकात गेलो. बाबा मध्यावर येऊन उभे राहिले. बसले नाहीत. टोपी काढली, पुन्हा घातली. हात पुढे केला, इकडे फिरवला, तिकडे फिरवला. हात फिरतच राहिला.

"ऊन लागतंय," ते म्हणाले.

मी जवळ गेले.

"तोडलं का गं कुणी?"

"नाही बाबा," मी म्हटलं. "कुणीही तोडलं नाही." हे तर खरंच होतं.

ते तसेच उभे राहिले. मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना. मी दुसरीकडे नजर वळवली तर हिराबाई फाटकातून येत होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. ती नेहमीच्या जागेपर्यंत आली, थबकली, पाटी डोक्यावर तशीच ठेवून इकडे तिकडे पाहिलं आणि कडेच्या करंजाखाली जाऊन बसली. आम्ही लावलेला करंज एव्हाना डोक्याच्या वर गेला होता, चटईएवढी सावली धरायला लागला होता.

बाबांनी तिच्या बांगड्यांचा आवाज कुठे गेला ते ऐकलं. एक लांब श्वास घेतला आणि काठी उचलली. "झाडंही जातात," ते म्हणाले. "रानात किती पाहिली. चल, आपणही तिकडे बसू." आणि करंजाखाली बसल्यावर हिराबाईला म्हणाले, "थोडं सरकून घे गं, बारकं झाड आहे."

मला वाटलं होतं तसं काही झालं नाही. ते पुन्हा पडून राहिले नाहीत. करंजाखाली ते पुढे बरीच वर्षं बसले आणि पोरांना शिकवत राहिले. चौकाच्या मधली हरळी त्यानंतरच्या पावसाळ्यात दाट झाली, पुढे कुणाला ती जागा दाखवायची म्हटलं तर दाखवता येईना.

मी माझ्या ओळखीच्या शास्त्रज्ञांना विचारलं आहे. एक म्हणाले जमिनीखाली पाण्याचा झरा असेल, एक म्हणाले वृद्धांना तापमान नीट कळत नाही. मग हिराबाईचं काय? कुत्र्यांचं काय? मिटलेल्या फुलांचं काय, आणि हवेवर टेकून पांढऱ्या पडलेल्या बोटांचं काय? ते झाड का आलं, का राहिलं, का गेलं... मला माहीत नाही. आणि मला मात्र त्याची सावली का लागली नाही, हेही माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा, मी मनापासून विचारते आहे.

बाबांना मी शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. शेवटच्या आजारपणात एका दुपारी मी उशाशी बसले होते. मला वाटलं त्यांचा डोळा लागलाय. इतक्यात ते म्हणाले, "त्या झाडाचं नाव कळलं का गं तुला?"

"नाही बाबा."

"मलाही नाही," ते म्हणाले. थोड्या वेळाने कूस बदलता बदलता पुन्हा म्हणाले, "पण चांगलं झाड होतं."